दोन बोटांवरचा डोळा

गिरगाव,
मंगळवार, दुपारी

तीर्थरूप आनंदामामांस,
उन्मेषचा वाकून, आणि थोडा घाबरून, नमस्कार.

इथे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचं ब्लडप्रेशर खाली आणि मामींचा गुडघा वर येत असेल (म्हणजे जिना चढताना), अशी आशा आहे. मामींनी पाठवलेली कोकमं पोचली. आगळाच्या बाटलीचं बूच सैल होतं, त्यामुळे कोकमांबरोबर तुमच्याकडे राहिलेला माझा शर्टही त्यात भिजून पोचला असं म्हणता येईल, पण तक्रार नाही.

तुम्ही गेल्या आठवड्यात फोनवर लिहून विचारलंत, 'मॅक्रो लेन्स कुठली घेऊ, एका वाक्यात कळव.' तीस वर्षं एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून काढल्यावर माणसाला सगळी उत्तरं एका वाक्यात लागतात हे मी समजू शकतो. ते वाक्य मला सापडेना, म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण मामी स्पीकर लावतात आणि हे प्रकरण शेजारच्या परसापर्यंत ऐकू जावं असं नाही. शिवाय मी बोलताना तुम्ही मधेच 'मग?' म्हणता, तेव्हा मला पुढचं काही आठवत नाही. लहानपणापासून हे असंच आहे.

तर लेन्स. तुम्हाला परसातल्या बेडकांचे आणि मुंगळ्यांचे फोटो मोठ्ठे काढायचे आहेत आणि बिनआरशाचे हे नवे कॅमेरे जितक्या कंपन्यांचे, तितक्या त्यांच्या मॅक्रो लेन्स. एकीची दुसरीला बसत नाही. म्हणजे आधी कॅमेऱ्याचं घराणं निवडायचं आणि मग त्या घरात जी असेल तिच्याशी आयुष्यभर नांदायचं. (कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही दुकानात जाऊन 'आमचा भाचा म्हणाला' असं सांगता, आणि ती लेन्स बिघडली की बिघडवणारा मी ठरतो.) सुदैवाने आमच्या फोटोच्या ग्रुपात तीन घराण्यांची माणसं आहेत. दादरची रुचा दातांची डॉक्टर आहे. तिच्याकडे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि शंभर मिलिमीटरची मॅक्रो. पेशंटच्या दाढा ती त्यानेच काढते, म्हणजे फोटो काढते, दाढा हाताने काढते. खोताच्या वाडीतला रॉयस्टन छोट्या सेन्सरवाला. त्याची साठची लेन्स एवढीशी, खिशात मावणारी. आणि मी मधल्या सेन्सरचा. माझी पासष्टची लेन्स सगळं दुप्पट मोठं दाखवते, पण फोकस हाताने करावा लागतो. आम्ही ठरवलं, एकच वस्तू, एकच उजेड, तिन्ही लेन्स, आणि निकाल मामांना कळवायचा.

पहिली वस्तू रॉयस्टनने निवडली. त्याच्या आईच्या, म्हणजे कार्मेनबाईंच्या, व्हरांड्यातल्या कुंडीत एक उड्या मारणारा कोळी राहतो. मामा, इथे तुम्हाला तिन्ही लेन्समधला खरा फरक सांगतो, कारण तो मी अंगाने भोगलाय. पूर्ण मोठं चित्र मिळवायला रुचाला त्या कोळ्यापासून वितीला थोडं कमी एवढ्यावर थांबता येतं. रॉयस्टनला चार बोटांवर. आणि माझ्या लेन्सला दुप्पट मोठं करायचं तर दोन बोटांवर जावं लागतं. दोन बोटं! बरं, एवढ्या जवळ फोकसची पट्टी कागदाइतकी पातळ. श्वास सोडला तरी कोळी धूसर. म्हणून श्वास कोंडून गेलो. बघतो तर त्याचे आठ डोळे, आणि आठही माझ्याकडे. त्याने उडी मारली ती थेट काचेवर. मी उडी मारली ती मागच्या कुंडीत. कार्मेनबाईंनी मला पाणी दिलं आणि कोळ्याला उचलून परत पानावर ठेवलं. कोळ्याशी त्या जास्त प्रेमाने वागल्या, असं मला अजून वाटतं.

मग मी अट घातली. जी वस्तू उडी मारत नाही, चावत नाही आणि माझ्याकडे बघत नाही, तीच घ्यायची. रुचाने बाटलीतली उपटलेली अक्कलदाढ दाखवली, तेव्हा मी थोडा वेळ खाली बसून राहिलो. शेवटी मीच सुचवलं की आपल्या वाडीचा गणपती परळला चिंतामणीकाकांच्या कारखान्यात रंगतोय, त्याच्या डोळ्याचा फोटो काढू. (बघत नाही ही अट मी इथे विसरलो.) चिंतामणीकाका म्हणजे तुमचेच; तुम्ही वाडीत राहत होतात तेव्हा हातगाडीवरून मूर्ती आणायला त्यांच्याकडेच जायचात. पंचेचाळीस वर्षं डोळ्यांची आखणी तेच करतात. बाकी रंग कुणीही देवो, डोळ्याला हात त्यांचा. आता कारखाना त्यांची मुलगी अक्षदा बघते. काकांनी लगेच हो म्हटलं. स्वतःच म्हणाले, उद्याच या, डोळे ओले असतानाच या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्यांना शूटिंगवाले चालत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे.

काल अकराला पोचलो. मूर्ती तीन फुटी, शाडूची, टेबलावर. काकांनी नुकतीच डाव्या डोळ्याची आखणी संपवलेली, बुबुळाची काळी रेघ चकाकत होती, आणि ते कुंचला धुवायला मागे गेले होते. रुचाने फोटो काढला, मग रॉयस्टनने, आणि दोन्ही लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले. आणि दोघांचं भांडण सुरू झालं, कारण बुबुळाची कड दोन्हीकडे करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती. रॉयस्टनचं म्हणणं, रुचाचा हात हलला. रुचाचं म्हणणं, छोट्या सेन्सरला एवढं बारीक झेपतच नाही. दोघं एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत असताना मी मात्र बघत होतो की दोन्ही फोटोंत दाते त्याच जागी आहेत. सात तिकडे, सात इकडे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या काचा एकाच जागी सात वेळा कशा चुकतील?

तेवढ्यात अक्षदाने मला हाताने खूण करून मातीच्या गोण्यांमागे बोलावलं. तिने स्क्रीन पाहिला होता. ती अगदी हळू सांगत होती की बाबांचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो, त्यांना ते ठाऊक नाही असं ती समजते, आणि दुपारी ते जेवायला घरी गेले की ती त्यांच्या रेघा गुपचूप सारख्या करते. आजची करायच्या आधीच आम्ही टपकलो. काहीही कर, पण बाबांना हे फोटो दाखवू नकोस, एवढं वचन तिने घेतलं. मी दिलं. माझ्याकडे वचन मागितलं की मी देतो, नाही म्हणायची भीती वाटते.

परत आलो तर भांडण मिटवायला मलाच पुढे केलं. तुझी दुप्पट मोठं दाखवते, तूच निकाल दे. आता नाही म्हणावं तर का नाही, आणि हो म्हणावं तर तो डोळा आणखी दुप्पट. अक्षदा गोण्यांशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी लेन्स पुढे नेली. चार बोटं, तीन बोटं, दोन. श्वास कोंडला. आणि मामा, त्या चौकटीत रेघ दिसली. लांबून पाहणाऱ्याला ती कधीच कळली नसती, पण दोन बोटांवरून ती थंडी भरल्यासारखी दिसत होती. जिथे हात थांबला होता, तिथे रंगाचा बारीक ठिपका. तिथून पुन्हा धीर करून निघालेली. पुन्हा थांबलेली. डोळ्याएवढ्या त्या जागेत माणूस किती वेळा घाबरला होता ते मोजता येत होतं. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या कानाशी, अगदी हळू, काकांचा आवाज आला.

"रेष हलता मां? खरा काय ता सांग. अक्षदाक मात्र सांगू नको."

मी दचकलो. दोन बोटांवर दचकायला जागा नसते. लेन्सची कड ओल्या बुबुळाला टेकली आणि मी घाबरून मागे ओढली, तशी काळी रेघ थेट सोंडेच्या मुळापर्यंत गेली.

रॉयस्टनने छातीवर क्रॉस केला आणि मग दुसऱ्या हाताने कानाची पाळी पकडली. रुचाने माझी नाडी पाहिली. मला एकामागून एक सगळं दिसायला लागलं: वाडीची मीटिंग, धनेशचं सेक्रेटरी म्हणून भाषण, माझ्यामागे लागलेली पिढ्यान् पिढ्यांची साडेसाती, आणि या सगळ्याच्या मागे डेपोत उभे असल्यासारखे तुम्ही. (खरं सांगतो, देवाच्या आधी तुमचीच भीती वाटली.) मी काकांच्या पाया पडायला वाकलो, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते ओल्या फडक्याने डोळा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी कुंचला काळ्यात बुडवला, उचलला, आणि हात डोळ्यापाशी नेला.

हात हलत होता. आता लेन्सची गरज नव्हती, आम्हा चौघांनाही ते दिसत होतं. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी हलत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी तोंड दुसरीकडे करणार होतो, पण तेवढंही धाडस झालं नाही. मग त्यांनी कुंचला खाली घेतला आणि मागे न बघता अक्षदापुढे धरला.

"घे. तू काढ."

ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच काढा ना. आम्ही थांबतो."

"मी जेवूक गेल्यार जशी काढतस," काका म्हणाले, "तशीच काढ."

अक्षदा रडेल असं मला वाटलं, म्हणून मीच आधी डोळे पुसून घेतले. ती रडली नाही. तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली, कुंचला घेतला, आणि एका दमात रेघ फिरवली. वर, खाली, बाहेर, संपली. काका तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. मग त्यांनी आम्हाला कुणालाच न विचारता लॅपटॉप आपल्याकडे वळवला, रुचाचा पहिला फोटो पुष्कळ वेळ पाहिला आणि अक्षदाला सांगितलं की आता उजवा डोळाही पूस, तो माझा आहे, दोन्ही एका हातचे असू देत. आणि ते जेवायला गेले. वेळ झाली होती म्हणून नव्हे. साडेअकराच वाजले होते.

पाच वाजता धनेश मूर्ती बघून गेला. म्हणाला, यंदा डोळे काय जिवंत आलेत, कुठेही उभं राहा, आपल्याकडेच बघतो. मला ते सांगायची गरज नव्हती. मी टेबलाच्या मागे उभा होतो तरी मला ते जाणवत होतं. आता दहा दिवस दोन वेळा आरती, आणि झांजा माझ्याकडे.

तर लेन्सचं. अक्षदाची रेघ तिन्ही लेन्समध्ये सारखीच स्वच्छ आली, हे आधी लिहून ठेवतो. मग फरक राहतो तो अंतराचा आणि वजनाचा. रुचाची जड, पण लांबून घेता येते आणि फोकस स्वतः करते, फक्त अंधारात मागेपुढे चाचपडते. रॉयस्टनची हलकी, चिखलात उकिडवं बसून एका हाताने धरता येते, तुमच्या कमरेला सोसेल. माझी चित्र सगळ्यात मोठं देते, पण ती तुम्ही घेऊ नका. बेडकाला दोन बोटांवर गेलात तर बेडूक जाईल, आणि बेडकाच्या जागी दुसरं काही निघालं तर तुम्ही. परसात फुरसं निघतं असं मामीच सांगत होत्या. माझं मत शंभरवालीला, वितीभर लांब राहणारीला. पण दुकानात माझं नाव सांगू नका.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा. उत्तर लिहाल तेव्हा रागाचा भाग शेवटी लिहा, म्हणजे निदान सुरुवात तरी मला वाचता येईल.

तुमचा भाचा,
उन्मेष

ता. क. १ — लेन्सबद्दल मी फोनवरही सांगितलं असतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काकांनी हात डॉक्टरला दाखवायचं कबूल केलंय. रुचाने ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी अकराला. अक्षदाला जाता येणार नाही, चाळीस मूर्तींचे डोळे राहिलेत आणि ते आता तिलाच काढायचेत. काका म्हणाले, ज्याने डोळा बिघडवला तो येईल माझ्याबरोबर. मी हो म्हटलं. रुचा सांगते घाबरू नको, पहिल्या दिवशी सुई नाही, मशीन नाही. डॉक्टर एक कोरा कागद आणि पेन देतात आणि चकलीसारखी गोल गोल रेघ काढायला सांगतात, बस. मामा, मला सुईचं चाललं असतं. पंचेचाळीस वर्षं देवाचे डोळे काढणारा माणूस त्या कागदावर चकली काढणार आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून ती बघायची, हे मला एकट्याला जमणार नाही. तुम्ही त्यांचे जुने आहात. आदल्या दिवशीची, बुधवारची गाडी पकडून या.

ता. क. २ — कॅमेरा आणू नका.