मुक्ताची मूठ

मंगळवार, संध्याकाळ

मुक्ताला ऐकू येत नाही, सेरेब्रल पाल्सीमुळे बोटंही उघडत नाहीत. तहान लागली की ती मूठ हनुवटीला लावायची. आणि मी, तिची शाळेतली बाई, सहा महिने ती मूठ उघडत बसले. पाण्याची खूण सांकेतिक भाषेच्या पुस्तकातल्यासारखी झाल्याशिवाय ग्लास द्यायचा नाही, हा माझाच नियम.

आज तिची आई पंचवटीहून वर्गात आली, गजऱ्यांची पाटी घेऊनच. म्हणाली, "मॅडम, ती आता पाणीच मागत नाय. आधी मूठ लावायची, मला कळायचं."

कळायचं! मग मला आणखी काय हवं होतं?

मी माझी मूठ हनुवटीला लावली, ग्लास पुढे केला. मुक्ताने माझ्याकडे पाहिलं आणि आपली मूठ मांडीखाली लपवली.