आधी स्वतःचा मास्क

सर, तुमची पद्धत बंद केली. किळस आली, म्हणून लिहितोय.

नव्या रेसिडेंटनं पेशंटला हात लावण्याआधी स्वतः रेडिएशनच्या मास्कखाली झोपायचं, हा तुमचा नियम. फिजिक्स शिकायला आलेल्यांनाही सूट नाही. मी गरम पाण्यातून मऊ झालेली जाळीची शीट काढतो, टिपतो, चेहऱ्यावर ताणतो, कडक होईपर्यंत नाक-हनुवटीशी दाबून धरतो, मग टेबलाला लॉक, डोकं हलू नये म्हणून. तुम्ही दाराशी उभे. "डॉक्टर, आता गिळून दाखवा." गालांवर जाळीचे ठसे घेऊन ती मुलं वॉर्डात हिंडायची आणि पेशंट खुदकन हसायचे.

आता तुमच्या जागी तुमचाच लाडका विद्यार्थी विभागप्रमुख आहे. म्हणतो, "मुलांना अनकम्फर्टेबल होतं, तक्रारी येतात." अनकम्फर्टेबल! ठाण्याच्या एसीत बसून, शेकातून वगळायला स्क्रीनवर लाळग्रंथीभोवती रेघ अशी काढतात की रांगोळी वाटावी. ती ग्रंथी ज्या गालात आहे, त्या गालाला मात्र ग्लोव्हजमधूनही बोट लावायचं जिवावर येतं. थुंकावंसं वाटतं, सर.

सोमवारी दिव्याहून लोकलने एक मावशी आल्या. जिभेचा कॅन्सर. मास्क लॉक झाला आणि त्यांनी हातातली बेल दाबली. सोडवलं. पुन्हा लॉक, पुन्हा बेल. रेसिडेंट बाहेरून माइकवर, "मावशी, कोऑपरेट करा ना! नुसतं पडून तर राहायचंय." मावशी उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. "नकोत मला तुमचे शेक. घरीच मरेन."

माझं डोकं सरकलं, रेसिडेंटला आत बोलावलं. "डॉक्टर, आधी तुम्ही झोपा."

"काका, तुम्ही झोपलायत का कधी?"

नव्हतो. नियम शिकाऊंसाठी होता आणि मला शिकवलं कुणी? कळव्याच्या कारखान्यात फायबरचे साचे काढताना हात बसला, बाकीचं तुमच्या कपाटातली पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली. डिग्री नाही, पण माझा मास्क ढिला आहे असं म्हणायची एकाही फिजिसिस्टची छाती झालेली नाही. मी चष्मा काढला. "घ्या शीट. सांगतो तसं करा."

मावशी चपला घालून खुर्चीत बसल्या, बघत. त्यानं ताणली बरी. हनुवटीला दाब कमी पडला, ते मी दातांतूनच सांगितलं. मग खट खट लॉक. पापण्या जाळीला चिकटल्यासारख्या, आणि तोंडात साठलेली लाळ काही केल्या खाली उतरेना. मी बेल दाबली.

लॉक काढताना तो हसला नाही. हसल्या मावशी. "काय हो, कोऑपरेट करा ना!" मग त्याच्याकडे वळून, "आता तू रे." झोपला बिचारा. मी मास्क केला, मावशींनी त्याचा हात धरला. तो उठल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि स्वतःच टेबलावर चढल्या. त्या खेपेला बेल वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी मला झापलं. दोन शीट वाया घालवल्या म्हणे. पद्धत पुन्हा सुरू झालेली नाही, होणारही नाही. गालावरच्या ठशांवरून त्या पोराला बाकीचे रेसिडेंट अजून जोकर म्हणतात. शी!

मी सगळ्यांना सांगितलंय की बेल चालते का, ते तपासत होतो. न शिकवता तो पोरगाही माझ्याबद्दल तेच सांगतो. हा कागद मात्र आता फाडणार आहे, कुणाच्या हाती लागायला नको. तुम्ही दाराशी असतात तर विचारलंच असतंत. नाही सर, मला गिळता आलं नाही.