नानांसाठी मोठं हॉटेल

पुणे

नाना आणि आईला दिपमालाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. माझा फोन सध्या यांच्याकडेच असतो, म्हणून पत्र लिहितेय.

ललित भाऊजींच्या लग्नाला याल तेव्हा माझ्याकडे न उतरता हॉटेलात उतरा. नाना म्हणतील, ‘इतलं भारी हॉटेल कसाले?’ नाना मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत, असं मी सासरी सांगून ठेवलंय. मागच्या खेपेला घरी मी एकटीच असताना त्यांनी माझ्या हातची शेवभाजी मागून मागून खाल्ली होती, तो विषय इथे कुणापुढे काढू नका.

हॉटेलं मी स्वतः जाऊन पाहिली. एकात पोहायचा तलाव होता, गाद्या मऊ होत्या, पण कुणीही सरळ वर जात होतं. दुसऱ्यात दारावरच विचारपूस होते आणि खोलीच्या कार्डाशिवाय लिफ्ट हलत नाही. तेच घेतलं. खोलीत तिसरा पलंगही टाकून देतात.

आईचे गुडघे कसे आहेत? अमळनेरला थंडी पडली का? कळण्याच्या भाकरी बांधून आणा. बऱ्याच दिवसांत नीट जेवण गेलेलं नाही.

येतानाची तिकिटं दोघांची काढा. परतीची मात्र तिघांची.

तुमचीच,
दिपमाला