पानाची पाठ

३ डिसेंबर, सकाळ
गोविंदीच्या भाऱ्यात बांजाची, म्हणजे पहाडी ओकची, पानं! वरून हिरवी, पाठ पांढरी. म्हणजे वनपंचायतीच्या राखीव जंगलातली. गावात दुसरा बांज उरलाय कुठे? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर उर्सुला सांगायच्या, पान नेहमी उलटून पाहावं. माणूसही. रोज माझ्याकडे दूध घालते आणि तिकडे जंगल ओरबाडते. गप्प बसणं पाप.

५ डिसेंबर
पंचायतीत पान उलटं धरून दाखवलं. रिटायर झाले तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. गोविंदी म्हणते, "अहो दीदी, तुमच्याच मागच्या झाडाची आहेत. साहेबच म्हणाले होते, गाईला नेत जा." मेलेल्या माणसाला साक्षीला काढते! माझं झाड तिलौंज, बांजाचाच भाऊबंद. त्याच्या पानाची पाठ हिरवी असते. आमचे हेसुद्धा जन्मभर त्याला बांज म्हणत राहिले. ह्यांना पालक आणि मेथी कळत नसे.
कोणीतरी म्हणालं, जाऊन बघू या. सरपंच दिवानसिंग त्याच्यावर खेकसले, "मॅडमनी तुझ्या बापाला शिकवलंय. त्यांना पान कळत नाही?" योग्य बोलले. गोविंदीचा विळा जप्त. होळीपर्यंत तिला जंगल बंद.

६ डिसेंबर
दूध नाही. कोरा चहा. प्रकृतीला तोच बरा.

२० डिसेंबर
बर्फ. फाटकातून हाक मारली, दुधाचं काय गं? म्हणाली, "गाय बर्फ खाऊन दूध देत नाही, दीदी. आणि तुमच्या झाडाला हात लावायची आता छाती होत नाही." जीभ बघा! जशी मीच चोर.

२ जानेवारी
गोविंदीने गाय विकली. माझ्या दारावरूनच नेली. दुसरा रस्ता नव्हता म्हणे. मी पडदा ओढला. ऊन डोळ्यांवर येत होतं.

९ जानेवारी, दुपार
बर्फाच्या भाराने मागच्या झाडाची फांदी मोडून स्वयंपाकघराच्या दारात पडली. पानं सगळी उलटी. पांढरी.
हिमकण असणार. एक पान शालीने पुसलं. चुलीजवळ धरलं. सुकलं. पांढरंच.
थंडीत पानांचा रंग उडत असेल. सिस्टर उर्सुलांनी बर्फात कधी शिकवलं नाही.
सरपंचांकडे जायला हवं का? रस्ता निसरडा आहे. शिवाय गाय काही परत येणार नाही.
फांदी मोडून चुलीत घातली. पानं आधी.
तिलौंजच तो.