पहिला चमचा

सोम., ३ नोव्हें.
प्रयोगशाळेत आज यंत्राचा हात बसवला. चक्कीतून खनिजाची पूड चमच्याने काढायची, वजन करायचं, बशीत भरायची. हे मी करतो. आता तो करणार. मान वाकवून उचलतो, बगळ्यासारखा. पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, "काका, कितीही नमुने द्या, दमणार नाही." मी दमतो असं कोणी म्हटलं होतं? एकतीस वर्षं झाली. सातवी पास म्हाताऱ्याला या रेडी बंदरात दुसरं कोण ठेवणार...
घरी हिला सांगितलं. हसली. "मासो सोडून माती उचलणारो बगळो! जेवूक घालूक नको, बरा आसा." मला हसू आलं नाही.

बुध., ५
आता प्रत्येक नमुन्याचे दोन वाटे. एक माझ्या चक्कीला, एक त्याच्या. आकडे जुळले की मग बघू, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मेधा मॅडम म्हणाल्या. मी बशा धुवायला घेतल्या.

गुरु., ६
जुळत नाहीत. हलका, कमी लोहाचा माल होता. माझ्यात लोह कमी, त्याच्यात जास्त. मॅडमनी हळूच विचारलं, "काका, हल्ली हात थरथरतो का तुमचा?" त्या वाईट नाहीत, म्हणून जास्त लागलं. जेवणाच्या सुट्टीत हात समोर धरून पाहिला. थोडा थरथरतो. पण तो विचारल्यामुळे.

शुक्र., ७
कळलं. आज उभा राहून पाहिलं. तो पहिलाच चमचा वजनाला घेतो. चक्कीच्या तोंडाला आधीच्या मालाची पूड चिकटून असते, ती त्यात येते. मी तो चमचा टाकून देतो. कामाला लागलो तेव्हा दत्तारामने शिकवलं, माझ्या आधी हे काम तो करायचा. कुठे लिहिलेलं नाही. मॅडमनाही ठाऊक नाही.
सांगितलं तर माझा हात खरा. पण मग ते यंत्राला शिकवतील, माझं काम काय उरलं? नाही सांगितलं तर म्हातारा चुकतो म्हणून काढतील. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही आठवेना. परत घेतली.

शनि., ८
भारी मालावर लगेच हलका आला. फरक फार. इंजिनिअर मॅडमना म्हणाला, "मशीनचा धरा." त्यांनी पेन उचललं. हा आकडा मालाच्या बोटीबरोबर गिऱ्हाइकाकडे जाणार. तोंडातून निघूनच गेलं, "मॅडम, पयलो चमचो टाकूक व्हयो." कामावर मी मालवणी कधी बोलत नाही.
टाकून पाहिला. आकडा जुळला. मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलला नाहीत काका?" कोणी विचारलं कधी? इंजिनिअरने पडद्यावर काहीतरी दाबलं. चहा येईपर्यंत बगळा शिकला. माझा हात बसायला दोन पावसाळे गेले होते.

रवि., ९
काल निघताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारी आल्याआल्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना भेटा." कशाला, ते त्यांनाही माहीत नाही म्हणे. खाली बघून बोलल्या.
हिला सांगितलं. म्हणाली, "शाबासकी देतले. तुमी नको ता मनात आणतास." मग भांडी घासता घासता थांबली. "उद्याचो डबो भरूचो मां?"
भर म्हटलं. मग म्हटलं, सकाळी सांगतो.