मालवणी खुर्ची

असल्फा, घाटकोपर
११ फेब्रुवारी २०२५

ती. गंधालीताईस,

शि. सा. न. पुढचं 'वि. वि.' मुद्दाम गाळलंय, कारण विनंती करायची नाहीये.

भांडण झालं की तोंड बंद आणि कागद सुरू, हा आपल्या घरात बाबांनी घातलेला कायदा. म्हणून लिहितोय. नाहीतर तुझ्या मरोळच्या ऑफिसखाली उभा राहून बोंब मारली असती. मी सध्या सुयोगच्या खोलीवर आहे. बाबा उद्या येतील तेव्हा हे त्यांच्या हाती देईन. फोन करू नकोस. फोन उचलायचा मला कंटाळा आलाय, तो तुझ्यामुळेच.

अख्ख्या महाराष्ट्रातून जीव नकोसा झालेली माणसं तुमच्या हेल्पलाइनला फोन करतात, आणि तू तिथे फोन घेणाऱ्यांच्या नुसत्या खुर्च्या मांडत सुटलीस. बाराच्या चाळीस केल्या. शेअर रिक्षावाला शेवटची सीट भरल्याशिवाय हलत नाही ना, सेम तशी तू. मालवणी बोलीच्या खुर्चीला माणूस मिळेना, घरात रिकामा भाऊ होताच. तीन दिवस शिकवलंस, त्यातला एक मोठ्या साहेबांच्या भाषणात गेला, आणि लगेच कानाला हेडफोन. त्या तीन दिवसांतली इडली मात्र झकास होती. गेटबाहेरचा तो अण्णा चटणीत काय घालतो विचारायचं राहिलं. गोरेगावला स्टुडिओत लाइटा उचलायचो तेव्हाही एवढी चांगली इडली नव्हती. ते जाऊ दे.

त्या फोनबद्दल तू मला सगळ्यांसमोर उभं केलंस, घरी आल्यावर काढता पाय घ्यायला लावलास. माझं एकदा ऐकून तरी घ्यायचं होतंस. माणूस मालवणीत बोलत होता, आवाज अगदी बसलेला. म्हणाला की जगावंसं वाटत नाही, घाटकोपरातूनच बोलतोय, बायको कामाला गेलीय. मी विचारलं, तुमी खंयचे, काका? गावाकडचा माणूस भेटल्यावर हेच विचारतात, हवापाणी नाही विचारत. त्याने गाव सांगितलं. [इथे दोन शब्द काळ्या शाईने खोडले आहेत.] मला इतकं बरं वाटलं की तोंडातून निघून गेलं, आमची आत्या तिथेच दिलीय. घरही सांगून मोकळा झालो. पलीकडून फोन बंद. खुर्चीवर बसणाऱ्याला नंबर दिसत नाही, त्यामुळे परत लावायची सोय नाही.

तू नियमाचं पुस्तक वाचत बस. मी त्या माणसाला शोधणार. गाव माहीत आहे, घाटकोपर माहीत आहे. दोन गोष्टींवर आपल्याकडे लग्नं जमतात, माणूस का नाही सापडणार?

लोभ शिल्लक असला तर राहू दे. नसला तर आईचा मला पुरतो.

सर्वेश


मुलुंड
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सर्वेश यास,

अ. उ. आ. रिवाज आहे म्हणून.

तुझ्या पत्रातलं गावाचं नाव मी खोडलं. पाकीट उघडंच होतं, आणि बाबा वाटेत वाचत आले हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. म्हणजे त्या माणसाचं गाव आता तुला, मला आणि बाबांना ठाऊक. उद्या आईला होईल, परवा आत्याला. तू फोनवर केलंस तेच कागदावर परत केलंस, आणि तुला अजून कळलेलं नाही की तू काय केलंस.

आपल्याकडे गाव विचारणं म्हणजे माणूस कोणाचा, कुठल्या घरातला, कोणाचा जावई, हे सगळं विचारणं. त्या माणसाला त्या वेळी कोणाचाच नसायचं होतं. म्हणून त्याने अनोळखी ठिकाणी फोन लावला. तू त्याला आत्याचं घर दाखवलंस.

खुर्च्यांबद्दल बोलायचा तुला अधिकार नाही. बारा खुर्च्या होत्या तेव्हा ताटकळणाऱ्यांची यादी माझ्यासमोरच्या स्क्रीनवर दिसायची. ती माणसं तिकडे सुरावट ऐकत थांबलेली असायची आणि आमच्याकडे कोणी मोकळं नसायचं. थोड्या वेळाने त्यातली एकेक ओळ विझायची. ती का विझली, हे कधीच कळायचं नाही. ते मी चार वर्षं बघितलंय. तू कुठल्याही एका ठिकाणी चार महिने बसलेला मला आठवत नाही. स्टुडिओ झाला, मालवणला पर्यटकांच्या होडीवर झालं, मग ते मधाच्या बाटल्या विकायचं काहीतरी.

मालवणी, अहिराणी, वऱ्हाडीच्या खुर्च्या वेगळ्या हव्यात, हे माझं म्हणणं होतं. पुस्तकी मराठीत रडता येत नाही अशी माणसं असतात. वरचे म्हणायचे की खर्च वाढेल, मराठी सगळ्यांनाच येते. मी भांडून त्या मिळवल्या. आता तुझ्यामुळे ते खूश आहेत. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बैठक आहे, त्यात भाषेच्या खुर्च्या बंद करायचा विषय पहिला. आणि हो, तीन दिवसांच्या शिकवणीवर तुला बसवलं ही माझी चूक, ती मी तिथे सांगणार आहे. तुला खूश व्हायला एवढं पुरे.

त्याला शोधू नकोस. सापडला तर त्याचं जास्त वाईट होईल. हे बहीण म्हणून सांगत नाही.

आईने कुळथाची पिठी दिलीय. सुयोगला एकट्याला खाऊ देऊ नकोस.

माया आहे, पण आत्ता ती वापरायची माझी इच्छा नाही.

गंधाली


असल्फा, घाटकोपर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. गंधालीताईस,

शि. सा. न. पाकीट या वेळी डिंकाने चिकटवलंय. बाबांनी हातात धरून उजेडाकडे केलं तर मला सांग.

सापडला.

त्यांच्या गावच्या मंडळाची एक खोली आहे इथेच, टेकडीच्या पायथ्याशी. गावाहून आलेली बिनलग्नाची पोरं तिथे झोपतात, आणि शनिवारी भजनाची तालीम असते. मी गेलो तर एक म्हातारा पखवाजाला कणीक लावत बसला होता. मी कधी जवळून बघितलं नव्हतं, कणीक थापली की आवाज कसा खाली उतरतो ते. त्यानेच मला थापायला दिली, आणि तासभर मी कशाला आलोय हेच विसरलो. मग आठवलं. विचारलं की तुमच्या वाडीतले इथे कोण कोण राहतात, एका काकांना भेटायचंय, आवाज बसलेला आहे. ताई, तिथल्या मंडळींनी तीन मिनिटांत घर सांगितलं. नुसतं घर नाही. कंपनी कधी बंद पडली, मुलगा कोणाबरोबर निघून गेला, बायको कुठे स्वयंपाकाला जाते, सगळं. मी विचारलंही नव्हतं. त्यांनी उलट मलाच विचारलं की काय झालं, काही विशेष आहे का. मी म्हटलं, नाही, सहज. पण माझं सहज कोणाला पटलं नाही, ते दिसलं.

संध्याकाळी त्याच्या दारात गेलो. बायकोने उघडलं. मी शहाण्यासारखं सांगितलं की मी हेल्पलाइनवाला, काकांनी फोन केलेला, तब्येत बघायला आलोय. तिने विचारलं कसली हेल्पलाइन. मी ते पण सांगितलं. तिच्या हातात मेथीची जुडी होती, ती तिने तशीच धरून ठेवली.

मग तो बाहेर आला. मला वाटलेलं की तो रडेल, किंवा मला आत बोलावेल. अगदी हळू आवाजात बोलला, मालवणीत नाही, मराठीत. म्हणाला की गावाला कळू नये म्हणून तो नंबर लावला होता, आणि मी गावच घेऊन दारात आलो. आता तो नंबरही गेला, म्हणाला. बायकोसमोर म्हणाला. दार लावलं, कडी घातली. कडीचा आवाज ऐकू यावा म्हणून घातली असावी.

तेव्हापासून मी समोरच्या पायऱ्यांवर बसतो. बायको सकाळी पिशवी घेऊन जाते, माझ्याकडे बघतही नाही. तो दिसत नाही. काल एका पोराने मला विचारलं की मी वसुलीवाला आहे का. सुयोग म्हणतो तू तिथून ऊठ, लोक बघतायत. बरोबर आहे त्याचं, माझ्यामुळे लोक त्या दाराकडे बघायला लागलेत. म्हणून आजपासून तिथे जाणं बंद.

तुला पाहिजे ते झालं. तू बरोबर, मी गाढव. आता तुझ्या बैठकीत माझं नाव घे, फोटो लाव, मला फरक पडत नाही. फक्त एक सांग. त्याने परत फोन केला का? नाव नको, काय बोलला ते नको. हो की नाही, एवढंच. तुझ्या मशीनवर तुला दिसत असेल. मला झोप लागत नाही, आणि तू मला ओळखतेस, मी उभ्याने झोपणारा माणूस.

लोभ मागत नाही. उत्तर दे.

सर्वेश


मुलुंड
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सर्वेश यास,

अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. कोणी फोन केला, कोणी नाही, हे मी बाबांना सांगत नाही, आईला सांगत नाही, आणि दारोदार फिरून आलेल्या भावाला तर मुळीच नाही. पुन्हा विचारलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

शुक्रवारची बैठक झाली. भाषेच्या खुर्च्या राहिल्या, पण एक बदल करून. फोन लागला की आधीच विचारलं जाईल की आपल्या बोलीतलं माणूस हवं, की लांबचं कोणी चालेल. मालवणीला श्वेता नावाची मुलगी घेतलीय, देवगडची. शिकवणी आता तीन आठवड्यांची. पहिल्या दिवशी, कालच, तुझा फोन समजावून सांगितला, गाव आणि नावं वगळून. मुलं ऐकताना हसली, मग हळूहळू हसायची थांबली.

तुझी नोकरी गेली. त्याचा कागद वेगळा येईल, त्यावर साहेबांची सही असेल. मी अडवलं नाही.

आता दुसरं, जे नियमाने मला तुला कळवावंच लागतं. तुझ्याविरुद्ध तक्रार नोंदली गेली आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला ती कधी आणि कशी आली हे सांगायचं असतं, म्हणून सांगते. गुरुवारी आली, आमच्याच नंबरावर. तक्रारदाराने आधी खात्री करून घेतली की समोरचं माणूस कोकणातलं नाही. फोन घेणारी माधुरी यवतमाळची आहे, तिने तसं सांगितल्यावरच तो बोलला. तुला खूप बोलला. तुझा शर्ट कुठल्या रंगाचा होता तेही त्याला आठवत होतं. दारात येऊन बायकोला घाबरवलं, मंडळात चर्चा केली, पायऱ्यांवर ठाण मांडलं, सगळं त्याने ओळीने सांगितलं, आणि माधुरीने शब्दन् शब्द लिहून घेतला. नोंदीवर माझी सही आहे. तुला काही म्हणायचं असेल तर लेखी म्हण.

तक्रार सांगून झाल्यावर माधुरीने त्याला विचारलं की आणखी काही बोलायचंय का. त्याने फोन ठेवला नाही. तो पुढे बराच वेळ बोलत राहिला.

ते काय होतं, ते तुला कधीच कळणार नाही.

अबोला अजून उठलेला नाही. लोभ आहे, तो तक्रारीच्या आड येणार नाही.

गंधाली