फुलंब्रीचे हार, पुन्हा एकदा

अण्णा, तुमचा कॅमेरा अजून चालतो, हे आधी सांगते. पकडायच्या जागचं रबर सुटलं होतं, ते मी चिकटवलं. बटणांवरची अक्षरं तर तुमच्या अंगठ्यानं केव्हाच पुसून नेली होती. पण बॅटरी चार्ज करून घातली की मागचा काड्यापेटीएवढा पडदा उजळतो, आणि तुम्ही आतल्या खोलीत दिवा लावलाय असं वाटतं. मीही आता नवा घेतलाय. परवा पहाटे दोन्ही गळ्यात अडकवून हर्सूल तलावावर गेले होते. धुकं इतकं, की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठून लागलं ते कळेना. नव्यानं सगळं टिपलं, पलीकडच्या काठावरचा बगळा, त्याच्या पायाशी वाकलेलं गवत, मला दिसलंही नव्हतं तेसुद्धा. तुमच्यानं तेवढ्या उजेडात फोटोभर नुसता दाणेदार रवा पसरला आणि त्या रव्यात बगळ्यासारखं पांढरं काहीतरी. घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी लावून बराच वेळ पाहत बसले. नवा चांगला आहे, त्यात वादच नाही. तरी माझ्या डोळ्यांत राहिलेली पहाट तुमच्या फोटोतली होती.

ही तुलना मी हौसेनं करत नव्हते. मला आईचा एक फोटो हवाय. तुम्ही गेल्यापासून तिचा हसरा फोटो एकही नाही. फोटो म्हटलं की ती पदर सारखा करते, मान ताठ करते आणि पासपोर्टला बसल्यासारखी बसते. आता तिची नजर फार अधू झालीय, समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखते. तब्येतीचंही आज एक, उद्या एक. ती आहे तोवर मला तिचा तो चेहरा हवाय, नाहीतर माझ्या मुलांना त्या ताठ मानेच्या बाईलाच आजी म्हणावं लागेल, ही भीती मला खरोखर वाटते. नवा कॅमेरा घेतला तोच मुळी तिच्यासाठी. तो डोळा आपणहून शोधतो, खोलीतल्या अंधाराला भीत नाही. पण त्याचा आवाज इतका मऊ, की फोटो निघाला हे आईला कळतच नाही. ती श्वास धरून वाट पाहत राहते. मी फोटोंवर फोटो काढते आणि प्रत्येकात ती श्वास धरलेली.

मग मला तुम्ही फोटो काढायला गेलेलं ते फुलंब्री गावचं लग्न आठवलं. तुमचा डिजिटल नवा होता. उभ्या आयुष्यात रोल भरायला कधी विसरला नाहीत आणि त्या दिवशी नेमकं कार्ड विसरलात. मागच्या पडद्याकडं बघायची सवय नव्हतीच. मंगलाष्टकं झाली, हार पडले, तुम्ही खटाक् खटाक् करत मांडवभर फिरताय, बायकांकडच्या फोटोंना मदत म्हणून आई बरोबर आहे, मी तिच्या मागं मागं. घरी येऊन कॅमेरा उघडता तर आत नुसती पोकळी. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी पडलेलं तोंड घेऊन परत गेलात, हात जोडलेत. नवरदेवाच्या आजोबांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "घाला रं पोरांनो पुन्हा हार, आता काय करता!" दुसऱ्यांदा हार घालताना ती दोघं इतकी हसली, की तसा लग्नाचा फोटो तुम्ही आधी कधी काढला नव्हता. तेव्हापासून तुमची ती रीत पडली. पहिला खटाक् नुसता दाखवायला. माणूस सुटला, श्वास सोडला, की लगेच दुसरा. आणि तेव्हापासून घरातून निघताना आईचा रोजचा प्रश्न, "कार्ड घेतलं का? का फुलंब्री करून येता?"

काल दुपारी उन्हं उतरायला लागल्यावर तिला गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं. पेरूच्या झाडातून ऊन तिच्या गालावर येत होतं. मुकुंदवाडी स्टेशनात गाडी शिरत होती, तिची शिटी विरेपर्यंत थांबले. नवा स्टँडवर लावला, त्याचं फोटो काढायचं वायरीचं बटण डाव्या मुठीत धरलं, आणि त्याला खेटून, तुमचा कॅमेरा डोळ्याला लावून तिच्या अगदी पुढ्यात उभी राहिले. तिनं पदर सारखा केला, मान ताठ केली, श्वास धरला.

खटाक्.

अण्णा, तो आवाज ऐकून तिची मान जी वळली! इतक्या वर्षांनी तिनं माझ्याकडं नाही, कॅमेऱ्याकडं पाहिलं. खांदे सैल पडले, सगळा श्वास बाहेर आला, आणि पुढचा पडलेला दात दाखवत ती हसली. "अगं, कार्ड हाय का आत? का केली फुलंब्री?" डावी मूठ मी केव्हा दाबली मला कळलंही नाही.

"हाय की, आई," मी म्हणाले.

फोटो काल संध्याकाळीच मोठा करून आणलाय. सुरकुतीन् सुरकुती दिसते, पेरूच्या पानाची सावलीसुद्धा. आईला तो नीट दिसत नाही, ती त्यावरून नुसती बोटं फिरवते. "त्यांच्याच क्यामेऱ्यातला ना? लई गुणाचा व्हता तो," म्हणते. मी व्हय म्हणते. आज सकाळपासून तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा व्हय म्हणाले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत राहील, म्हणून लिहिते. काल तुमच्या कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं, अण्णा. ह्या वेळची फुलंब्री मी मुद्दाम केली. आई तुमच्याकडं येईल तेव्हा तिला सांगू नका.